भिंतीकडची बाजू

क्र. १४. मुखवटा, खंडेराव. लाकूड, रंग. देणगी: जान्या महाला.

क्र. १५. मुखवटा, भैरव. लाकूड, रंग. देणगी: रामा भोये.

वरच्या दोन्ही पाट्या खऱ्या असतील, नाहीतर दोन्ही खोट्या. मधलं काही नाही.

ही गोष्ट सिल्वासात एकाच माणसाला माहीत होती. त्याचं नाव विश्वनाथ परब. मूळचा सावंतवाडीकडचा, चौतीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी इकडे आला आणि आमलीतल्या दोन खोल्यांत राहिला तो राहिलाच. हुद्दा संग्रहालय परिचर. म्हणजे सकाळी कुलूप काढायचं, फडकं मारायचं, शाळेची पोरं आली की त्यांच्यामागून "हात लावू नका, हात लावू नका" म्हणत फिरायचं आणि संध्याकाळी कुलूप लावायचं. साहेब आले, बदलले, गेले. फडकं तेच राहिलं.

एकतीस मार्चला तो निवृत्त होणार होता. आणि वीस मार्चला संग्रहालयातल्या सगळ्या वस्तूंची यादी संगणकात कायमची जाणार होती.

*

कायमची, हा शब्द श्रुतीचा.

श्रुती साटम मुंबईहून कंत्राटावर आली होती. वय सत्तावीस, गळ्यात कॅमेरा, पाठीवर पिशवी. प्रत्येक वस्तूमागे तिला बावीस रकाने भरायचे होते. लांबी, रुंदी, वजन, समोरून फोटो, मागून फोटो. भिंतीवरच्या वस्तूंपाशी ती आली तेव्हा विश्वनाथ म्हणाला होता, "मागे काही नाही मॅडम, भिंत आहे." तिने हसून त्या रकान्यात तेच लिहिलं. भिंत आहे.

"एकदा यादी गेली की कोणाला हात लावता येणार नाही, काका. शंभर वर्षांनी कोणी उघडली तरी हेच दिसेल."

विश्वनाथला त्या रात्री जेवण गेलं नाही.

*

आता मागचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

धरणाचं पाणी आलं तेव्हा दुधनीकडचा एक पाडा उठला. माणसं जिथे जागा मिळाली तिथे गेली. पाडा उठला तसा त्या पाड्याचा भोवाडाही थांबला. भोवाडा म्हणजे फाल्गुनात देवांचे मुखवटे घालून नाचायचं. कुठल्या देवाचा मुखवटा कुठल्या घराने घालायचा हे ठरलेलं असतं, दुसरं घर त्याला हात लावत नाही. पाडाच नाही तर नाचणार कुठे? म्हणून दोन घरांनी आपापले मुखवटे संग्रहालयाला दिले. खंडेराव महालांचा, भैरव भोयांचा. नोंदवहीत दोघांपुढेही एकच वर्णन: "मोठे डोळे, मिशा." फोटो नाही. नंबर वस्तूवर घालायचा असतो, तो त्या काळच्या कारकुनाने पाटीवर घातला.

पुढे दोन हजार तीनच्या पावसाळ्यात ती भिंत गळली. खळीने चिकटवलेल्या पाट्या सुटून खाली पडल्या. विश्वनाथने मुखवटे उतरवून टेबलावर ठेवले, भिंत सुकवली, चुना मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरचे अधिकारी पाहणीला येणार होते. संध्याकाळी तो पाट्या नव्याने लिहायला बसला आणि बघतो तर समोर दोन मुखवटे, दोघांना मोठे डोळे, दोघांना मिशा.

त्याने अर्धा तास बघितलं. मग ज्याच्या मिशा जरा जास्त वळलेल्या वाटल्या, त्याला खंडेराव केलं.

चुकलं असेल तर दुरुस्त करू, असं तेव्हा त्याच्या मनात होतं. पण पुढच्याच फाल्गुनात, होळीनंतर तिसऱ्या दिवशी, दारात एक बाई उभी राहिली. हातात पळसाच्या पानाची पुडी.

"माझ्या बाचा खंडेराव हितं आहे म्हणतात. जान्या महाला. कोणता रं तो?"

ती केसरबाई. गलोंड्याच्या पुढच्या पाड्यावर राहायची. सगळ्यांना अरे-तुरेच करायची, कलेक्टर समोर आला असता तर त्यालाही केलं असतं. तिला वाचता येत नव्हतं. विश्वनाथने पाटी वाचली आणि बोट दाखवलं.

*त्याने बोट दाखवलं.* पाटी खोटी लिहिणं एक आणि बोट दाखवणं एक.

तिने पुडी उघडून नव्या तांदळाचे चार दाणे मुखवट्याखाली ठेवले. संग्रहालयात खाण्याची वस्तू आणायला बंदी. विश्वनाथ म्हणाला, "बाई, मी जरा चहा पिऊन येतो," आणि निघून गेला. परत आला तेव्हा ती गेलेली होती. त्याने दाणे झाडूने न लोटता हाताने गोळा केले आणि बाहेर चिमण्यांना टाकले.

तेव्हापासून एकवीस फाल्गुन झाले. दर वर्षी पुडी, दर वर्षी चहा.

*

क्र. नाही. प्रवास. भाड्याची गाडी, डिझेल. कालावधी: दोन दिवस. देणगी:

(देणगी कसली, कार्यालयाने मंजूर केलेला प्रवास. आसपासच्या लहान संग्रहालयांनी आपल्या नोंदी कशा ठेवल्यात ते बघून या, असं पत्र श्रुतीच्या नावाने आलं. तिने सोबत म्हणून विश्वनाथचं नाव घातलं. "काका, चौतीस वर्षांत तुम्ही दुसरं संग्रहालय बघितलंय का?" तो विचार करून म्हणाला, "नाही. आमचंच पुसायला वेळ पुरत नव्हता.")

गाडी नवनाथची. नवनाथ शहाद्याचा. आधी सायली गावच्या कारखान्यात धाग्याच्या मशीनवर होता, मग नाइट पाळी सोसेना म्हणून गाडी घेतली. होळीच्या आधीच्या आठवड्यात ते तिघे निघाले.

गुजरातच्या हद्दीवर पोलिसाने गाडी थांबवली. तिकडे दारूबंदी, त्यामुळे सिल्वासाहून निघालेली गाडी म्हणजे आत बाटली असणार, असा समजच आहे.

"डिकी खोलो."

डिकीत एक खोका. पोलिसाने झाकण काढलं. आत फूटपट्ट्या, पांढरे हातमोजे, कोऱ्या पाट्यांचा गठ्ठा आणि वर मोठ्या डोळ्यांचे, मिशांचे दोन फोटो.

"आ कोण छे?"

"ते खंडेराव," नवनाथ म्हणाला, "आणि हे त्यांचे भाऊ. दोघं पीत नाहीत, साहेब."

पोलीस हसला आणि हात हलवून त्याने गाडी सोडली. नवनाथने गंमत केली होती, पण विश्वनाथचं लक्ष एवढंच होतं की नवनाथने खंडेराव म्हणून दाखवलेला फोटो पंधरा नंबरचा होता. पाटी न वाचता माणूस काहीही म्हणतो. आपणही तेच केलं.

*

क्र. २०७. घुबड, भरलेलं. डावा डोळा: शर्टाचं बटण.

पहिलं संग्रहालय एका जुन्या शाळेच्या तीन वर्गांत होतं. तिथे नलिनीबाई होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, कमरेला किल्ल्या. गुजराती ढंगाची मराठी बोलायच्या. त्यांनी चहा मागवला, मग स्वतःच एकेक कपाट उघडून दाखवू लागल्या. पक्ष्यांच्या कपाटापाशी श्रुती थबकली. पाटीवर खरंच तसं लिहिलं होतं.

"हे असं कसं लिहिलंत?"

"डोळो पडी गयो," नलिनीबाई म्हणाल्या. "उंदराने नेला असेल. मी माझ्या मिस्टरांच्या शर्टाचं बटण लावलं. मग रात्री झोप येईना. येणारा माणूस म्हणणार, घुबडाचा डोळा असा असतो. म्हणून लिहून टाकलं. आता झोप येते."

"साहेब काही बोलले नाहीत?"

"बोलले ना. म्हणे, नलिनीबेन, पाटी काढा, आपली बेइज्जती होते. मी म्हटलं, काढते, मग बटणपण काढते, तुम्ही डोळा आणा." त्या हसल्या. "पोरं सगळ्यात आधी त्याच पाटीजवळ जातात. वाघ राहतो बाजूला."

श्रुतीने फोटो काढला. विश्वनाथ मात्र घुबडाकडे बघत राहिला. घुबडही एका डोळ्याने त्याच्याकडे बघत होतं, आणि बटणाने त्याहून जास्त.

निघताना नलिनीबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "परबभाई, किती राहिलं?"

"एकतीसला सुटतो."

"मग जड काही ठेवू नका. घरी नेऊन कुठे ठेवणार?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. परिचर परिचराला जे बोलतो ते त्या बोलल्या.

*

दुसऱ्या दिवशी गाडी खानवेल सोडून वर चढू लागली. दोन्ही बाजूंना पळस पेटलेला. फोनवर पहिला संदेश आला गुजरातमध्ये स्वागत असल्याचा, पाच मिनिटांनी दुसरा, महाराष्ट्रात स्वागत.

"तासाभरात तीन सरकारं," नवनाथ म्हणाला. "आणि खड्डे सगळ्यांचे सेम."

"मॅडम," विश्वनाथ म्हणाला, "चौदा आणि पंधरा."

"काय चौदा-पंधरा?"

मग त्याने सांगितलं. खिडकीकडे बघत, एका सुरात, जसं तो शाळेच्या पोरांना नांगर आणि कणगीबद्दल सांगायचा तसं. गळकी भिंत, चुना, मिशा, बोट, तांदूळ, चहा.

नवनाथला राहवलं नाही. "म्हणजे काका, ती म्हातारी कोणत्या देवाला तांदूळ ठेवते हे देवालाच ठाऊक. पण देवालाही कसं ठाऊक असणार ना? पाटी तर तुम्ही लावली."

"नवनाथ, गाडी चालव," श्रुती म्हणाली.

श्रुतीचे कान लाल झाले होते. ती म्हणाली, "मी मागच्या आठवड्यात तुम्हाला विचारलं होतं. सगळ्या पाट्या बरोबर आहेत ना, म्हणून. तुम्ही हो म्हणालात."

"हो म्हणालो."

"मी त्यावर सही केली, काका."

नलिनीबाई म्हणाल्या होत्या तसं विश्वनाथला थोडं हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

*

क्र. (पुसलेला). मुखवटे, एकूण अकरा. एका ओळीत, खुर्च्यांवर.

हे दुसरं संग्रहालय कुणा निवृत्त मास्तरांनी आपल्या पडवीत सुरू केलेलं. मास्तर वारले. आता मधुकर गावित सांभाळतो. दिवसा पोस्टात, संध्याकाळी संग्रहालयात. या तिघांसाठी तो अर्धी रजा टाकून आला होता. भोवाडा जवळ आलेला, म्हणून मुखवटे भिंतीवरून काढून, ताजा रंग देऊन खुर्च्यांवर वाळत ठेवलेले. बघताना वाटलं, कुठल्या तरी बैठकीला आलेत आणि कोणाची तरी वाट बघताहेत.

"संग्रहालयातल्या वस्तूला नवा रंग?" श्रुतीच्या आवाजातला धक्का लपला नाही.

"दर साली देतो. आमचे हे नाचायला जातात ना. होळीला बाहेर, बाकी वर्ष इथं."

"मग मूळ चेहरा कसा होता ते कळणार कसं?"

"मूळ?" मधुकरने डोकं खाजवलं. "मॅडम, माझ्या आठवणीत या नारदाला मिशी होती. मग रंगाऱ्याने पुसली. परवा त्याचा पोरगा म्हणत होता, परत काढू का? तोंडाचं काय घेऊन बसलात."

श्रुतीने विश्वनाथकडे एकदा बघितलं, मग विचारलं, "समजा, दोन मुखवट्यांच्या पाट्यांची अदलाबदल झाली. कोणाचा कोणता, कसं ओळखाल?"

मधुकरला हा प्रश्नच कळला नाही, इतकं त्याचं उत्तर सोपं होतं. त्याने जवळचा मुखवटा उचलला आणि पालथा केला.

आतून तो वेगळाच होता. काळपट लाकूड, घामाने गुळगुळीत झालेलं, नाकासाठी कोरलेली खाच. आणि कपाळाच्या जागी, हनुवटीच्या जागी जाड टाक्यांनी बसवलेली कापडाची गादी.

"लाकूड टोचतं ना. म्हणून घालणाऱ्याची बायको आपल्या लुगड्याचा तुकडा शिवते. आमच्याकडं तसंच करतात. तोंड गावाचं, दर साली नवं. आतलं घरच्यांचं. माझ्या बाचा मुखवटा मी रस्त्यात भेटला तर तोंडावरून नाही ओळखणार. पालथा करून लगेच सांगेन."

विश्वनाथने हात पुढे केला आणि मागे घेतला. चौतीस वर्षांची सवय.

"घ्या की," मधुकर म्हणाला. "लावा हात."

*

परतीच्या वाटेवर विश्वनाथला एकाच गोष्टीने पोखरलं. दोन हजार तीन साली त्याने मुखवटे उतरवले होते, तेव्हा आत चिंध्या होत्या का? होत्या असं वाटतं. त्याने त्या काढल्या का? वाळवीच्या भीतीने त्या वर्षी बरंच काही काढून टाकलं होतं. आठवेना. चेहऱ्याकडे अर्धा तास बघितलं होतं, आत एकदाही बघितलं नव्हतं.

संध्याकाळी साडेपाचला संग्रहालय उघडून त्यांनी शिडी लावली. नवनाथने शिडी धरली. विश्वनाथने वर जाऊन पहिला मुखवटा सोडवला, खाली श्रुतीच्या हातमोज्यांत दिला, मग दुसरा. भिंतीवर दोन पांढरे गोल राहिले.

टेबलावर दोन्ही पालथे ठेवले.

क्र. १४, मागील बाजू. कापड आहे. हिरवं असावं, आता शेवाळी. काठ नाही.

क्र. १५, मागील बाजू. कापड आहे. तांबड्या चौकड्याचं. एका कोपऱ्याला कसर लागलेली.

"आहेत," विश्वनाथ म्हणाला, आणि स्टुलावर बसला.

"पण कोणतं कोणाचं?" श्रुती म्हणाली.

नवनाथ म्हणाला, "ते मात्र पाटीवर नाही."

होळीला चार दिवस होते. केसरबाई होळीनंतर तिसऱ्या दिवशी येणार. श्रुतीने दोन्ही नोंदी उघड्या ठेवल्या. बावीस रकान्यांतला एक रकाना रिकामा ठेवायची तिची ही पहिलीच वेळ. विश्वनाथने तिला चार वेळा विचारलं, वीस तारखेच्या आत होईल ना. चौथ्या वेळी ती म्हणाली, "काका, तुम्ही बावीस वर्षं थांबलात. मी सात दिवस थांबते." बोलताना ती हसली नव्हती, पण चिडलेलीही नव्हती.

*

केसरबाई आली. तीच पुडी, तेच पळसाचं पान. या वर्षी गुडघा धरत आली. भिंतीवर दोन गोल बघून थांबली.

"नेला कुठं माझ्या बाला?"

"इथे आहे, केसरबाई. बसा."

"बसत नाही. बसले की उठता येत नाही."

मग तिला उभ्या उभ्याच सांगावं लागलं. विश्वनाथने सांगितलं. पाटी भिजली, मला ओळखता आलं नाही, मी अंदाजाने लावली, तुम्हाला बोट दाखवलं ते खरं होतं की खोटं मला ठाऊक नाही. एवढं बोलायला त्याला बावीस वर्षं लागली आणि बोलून झालं एका श्वासात.

केसरबाई टेबलापाशी गेली. चेहरे वर करून ठेवले असते तर तिने बघितलेही नसते, पण पालथे होते. तिने आधी हिरव्या कापडावरून बोट फिरवलं. मग चौकड्याच्या कापडावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

"ह्या लुगड्याचा माझी आयशी मला झगा शिवणार होती," ती म्हणाली. "होळीला. मग बाच्या कपाळाला लाकूड लागलं, तर हितं तुकडा गेला. मी रडले. किती रडले. उरला तो माझ्या गोधडीत आहे अजून. आणून दाखवते तुला, तू लिही." शेवटचं श्रुतीला.

श्रुतीने विचारलं, "म्हणजे हा पंधरा नंबरचा. पक्कं?"

"नंबर मला काय माहीत? हा माझ्या बाचा."

म्हणजे पाट्या खोट्या होत्या. दोन्ही.

एकवीस पुड्या. विश्वनाथने माफी असा शब्द जुळवायला घेतला, पण केसरबाई वेगळाच हिशोब करत होती. तिने चौदा नंबरकडे मान वळवली.

"मग इतकी सालं मी ह्याला घातले तांदूळ. हा भोयांचा?"

"हो. रामा भोये."

"त्यांचं कोण येतं?"

"कोणी नाही. इतक्या वर्षांत कोणी आलं नाही."

केसरबाईने थोडा विचार केला. धरणाच्या पाण्याने भोये कुठे गेले ते तिलाही माहीत नसावं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "उपाशी राहिला असता."

आणि पळसाचं पान तिने टेबलावर ठेवून मधल्या शिरेवरून सरळ फाडलं, दोन केलं. दाणे वाटू लागली. बाच्या पानात जास्त पडले, तेव्हा त्यातले दोन उचलून तिने इकडे टाकले.

विश्वनाथ बघत होता. आता बाहेर जायला हवं, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

श्रुतीने कॅमेरा बंद केला, खुर्ची मागे सरकवली.

"काका," ती म्हणाली, "मी जरा चहा पिऊन येते."